गिरणीच्या बेअरिंगवरचा शनी

केरबाआण्णांनी पिठाची गिरण बंद केली तेव्हा सगळं भंगारात दिलं, पण जात्याच्या आसाची दोन बेअरिंगं आणि तराजूची वजनं तेवढी ठेवून घेतली. तानाबाईकाकींनी विचारलं, तर म्हणाले, लागत्यात.

राजारामपुरीत आमच्या वरच्या मजल्यावर हे दोघंच राहतात. आण्णांना आकाशाचं वेड जुनं. आरसा विकत आणून दुर्बिणीची नळी त्यांनी घरीच केलेली, आणि अर्ध्या गल्लीनं त्यातून शनीचं कडं बघितलेलं. लोक चेष्टाही करायचे, शनी मागं लागू नये म्हणून माणसं शनवारी तेल घालतात, आणि आण्णा आपणहून त्याच्या मागं लागलेत.

बघायच्या राहिल्या होत्या त्या एकट्या काकी. तसा डोळा त्यांनीही कितीदा लावला. पण गुडघे धरत जिना चढून, स्टुलावर टेकून, पदर सावरेपर्यंत शनी नळीतून निघून गेलेला असायचा. पृथ्वी काही कुणाच्या गुडघ्यांसाठी थांबत नाही. आण्णा विचारायचे, दिसलं का? काकी म्हणायच्या, दिसलं की, कडं बी दिसलं.

गच्चीवर पापड घालताना एकदा त्यांनी मला खरं सांगितलं. लग्नात भर दुपारी भटजींनी ध्रुव दाखवला होता. उन्हात कुठला ध्रुव? पण विचारलं की दिसला म्हणायचं असतं, असं आत्यानं आधीच कानात सांगून ठेवलेलं.

"तवापासनं ह्यांनी दावलं की मी दिसलं म्हंती. माणूस हौसेनं दावतंय, त्याला न्हाय कशाला म्हणा?"

आण्णांना ते कळत होतं. मग डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, काकींच्या डोळ्यांचा पडदा झिजतोय, नजर कधी जाईल सांगता येत नाही. दुसऱ्याच दिवशी आण्णा गच्चीवर लोखंड घेऊन बसले.

त्यांना दुर्बिणीसाठी अशी बैठक करायची होती, की शनी नळीत धरून ठेवता येईल. त्याची युक्ती मला त्यांनी जात्यावरूनच समजावली. पृथ्वी ज्या आसाभोवती फिरते, त्याच रोखानं आपला दांडा तिरका बसवायचा, म्हणजे थेट ध्रुवाकडं. मग एक चक्री सावकाश फिरवत राहिलं की तारा जागचा हलत नाही. दांडा गिरणीच्या बेअरिंगांत बसला, आणि नळीचा तोल सांभाळायला दुसऱ्या टोकाला पाच किलोचं वजन लागलं.

तरी शनी निसटायचा. आण्णांनी बेअरिंगं धुतली, ग्रीस बदललं, वेल्डिंगवाल्याला शिव्या घातल्या. एकदा दिवेलागणीला मी वाळलेले कपडे काढायला गेले होते. सहज विचारलं, ध्रुव कुठला हो? त्यांनी समोरच्या इमारतीवरच्या क्लासच्या पाटीच्या जरासं वर, पार खाली बोट दाखवलं. मग दांड्याकडं बघितलं. दांडा चांगला अर्ध्या आभाळाकडं तोंड करून उभा. कुणा परदेशी माणसाचा व्हिडिओ बघून त्यांनी कोन जसाच्या तसा उतरवला होता. त्याच्या गावी ध्रुव तेवढा उंच असणार. आपला असा अंगणात उतरल्यासारखा.

"वैनी, कुणाच्या गावचा ध्रुव धरलाय म्या?" म्हणाले.

वेल्डिंग कापून दांडा जवळजवळ आडवा केला, तोवर पावसाळा लागला. जूनपासून दसऱ्यापर्यंत सगळं ताडपत्रीखाली. आभाळ मोकळं झाल्यावर आण्णांनी आधी स्वतः बघितलं. शनी नळीत ठाम बसला होता. फक्त त्याला कडं नव्हतं.

मला ते हळूच म्हणाले की कडं काही वर्षांनी असं आपल्याकडं धार करून येतं, ताटाची कड डोळ्यांसमोर धरल्यागत, आणि मग दिसत नाही. पुढं वर्षावर्षानं उघडेल. काकींना मात्र त्यांनी काही सांगितलं नाही. मला वाटलं, आता त्या बघणार आणि म्हणणार, कडं बी दिसलं. एवढ्या लोखंडावर पाणी.

काकी आल्या. बसल्या, पदर सावरला, गुडघा चोळला. आण्णा चक्री फिरवत राहिले. कुणी घाई केली नाही. काकींनी डोळा लावला तो काढेचनात. खालच्या रस्त्यावर रिक्षा जाऊन परत आली.

"आवं," काकी म्हणाल्या, "ह्याला कडं कुठं हाय? नुसता पिवळा मणी हाय की."

आण्णांचा हात चक्रीवर तसाच थांबला. मग पुन्हा फिरू लागला.

"न्हाय," ते म्हणाले. "ह्या साली न्हाय. अजून दोन-तीन वर्सं. मग चांगलं उघडतंय."

काकी नळीला डोळा लावूनच होत्या. दोन-तीन वर्षं, असं त्या स्वतःशीच म्हणाल्या. एका हातानं त्यांनी चाचपत चक्री शोधली.

"सोडा, माझी मी फिरवती. उद्या बी येती, परवा बी येती. कडं उघडाय लागलं की मला पैल्यांदा कळाय पायजे."

आण्णांनी चक्री सोडली. आभाळाकडं त्यांचं लक्ष नव्हतं. वाकून ते काकींचा डोळा बघत होते.