त्याच्या आवाजाखाली मी

त्या अल्बममध्ये तुझं नेमकं काय काम होतं, असं कुणी विचारलं की माझं डोकंच फिरतं. कव्हरवर दोघांची नावं आहेत, वाचता येत नाही का? मग मीच गार होतो आणि सांगतो, मी डबल करायचो. रॅपमध्ये मुख्य आवाजाखाली तेच शब्द पुन्हा एकदा, दबक्या आवाजात बसवतात. ऐकणाऱ्याला दोन आवाज कळत नाहीत, एकच पण भरदार वाटतो. बहुतेक रॅपर स्वतःचं डबल स्वतःच करतात. माझ्या मित्राला एकच ओळ दोनदा सारखी म्हणता आली असेल तर शप्पथ. म्हणून त्याचं डबल मी करायचो. त्याचा श्वास कुठे तुटतो, शब्द कुठे घासतो, मला सगळं पाठ होतं. डबल चांगलं झालं की ते ऐकूच येत नाही. सहा वर्षं मी ऐकू न येण्यात पटाईत होत गेलो.

रेकॉर्डिंग इंदूरच्या मल्हारगंजात व्हायचं, आमच्या घरमालकांच्या गाद्या-रजयांच्या दुकानामागच्या खोलीत. पुढे कापूस पिंजायची मशीन दिवसभर घरघरायची. जेवणाच्या सुट्टीत, एक ते तीन, ती बंद असायची. तेवढ्यात आमचं काम. खोलीत चारी बाजूंनी छतापर्यंत कापूस. तिथे आवाज परत येत नाही, तोंडातून निघतो आणि संपतो. पहिल्या दिवशी मी नुसतं 'हॅलो' म्हणालो आणि मला वाटलं, मी बोललोच नाही. ती खोली मला कधीच आवडली नाही. तो मात्र तिथे मजेत असायचा. डोळे मिटायचा, प्रत्येक टेकच्या आधी लहानपणापासूनच्या सवयीनं दोनदा खोकायचा, एक लहान, एक मोठा, आणि सुटायचा. तो खोकला कापत बसणं हे माझं दुसरं काम.

"गोळ्या खा ना यार काही," मी वैतागायचो.

"भिया, जुनी गाडी आहे. किक मारावी लागते," तो म्हणायचा.

मग त्याच्या एका गाण्याचा तुकडा रीलवर चालला आणि सगळं उलटंपालटं झालं. ज्या मामानं त्याला लग्नाच्या पंगतीत 'अजून बडबडच करतोस का' म्हणून विचारलं होतं, तोच मामा दुकानाच्या उद्घाटनाला बोलवायला आला. मुंबईच्या एका कंपनीनं अल्बम मागितला. आम्ही ठरवलं, हे जे झालंय त्याच्यावरच अल्बम करू. आठ गाणी. मामावर एक, सेल्फीवर एक, पोह्याच्या गाडीवर पैसे घेत नाहीत म्हणून जी लाज वाटते तिच्यावर एक. सात हिंदीत, इंदोरी हिंदीत. शेवटचं तेवढं मराठीत, त्याच्या आईसाठी. कारण काकूंनी त्याचं एकही गाणं धड ऐकलं नव्हतं. "मला ते भांडल्यासारखं वाटतं रे," म्हणायच्या. त्याला जगानं ऐकल्याचं फार काही नव्हतं. आईनं एकदा ऐकावं, ही त्याची खरी तहान होती. त्या गाण्याची सुरुवात नुसती बोललेली होती: "आई, दार उघड गं, मी आलो."

चूक झाली ती तिथेच, आणि ती माझी. माझं डबल साफ करायला मी त्याचा मुख्य आवाज बंद केला आणि माझा वाढवला. तेवढ्यात कंपनीचा फोनवर फोन. तसंच गाणं बनवलं, पाठवलं. न ऐकता! सहा वर्षांत पहिल्यांदा न ऐकता. गाणं बाहेर आलं त्या सकाळी विजय नगरला ऑफिसला जाताना सिटी बसमध्ये ते मी कानात लावलं. त्यात तो नव्हताच. पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत एकटा मी होतो, त्याच्यासारखा बोलणारा.

दुपारपर्यंत कुणीतरी ओरडेल म्हणून मी वाट पाहिली. कुणी ओरडलं नाही. उलट तेच गाणं सगळ्यात जास्त चाललं. संध्याकाळी त्याचा फोन आला, आणि तो रडत होता. "भिया, काय म्हटलंय यार मी! पहिल्यांदा मी मला ऐकलं." मी म्हणालो, "हो ना." एवढंच म्हणालो. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला आनंद झाला. सहा वर्षं गादीखाली झोपलेला माणूस गादीवर आला होता. आईनं ऐकलं का, असं मी विचारलं. "ऐकलं. 'छान आहे' म्हणाली आणि मटार सोलत बसली," तो म्हणाला. आणि फोन ठेवला.

पुढचं मात्र मला सहन होईना. त्याचे कार्यक्रम सुरू झाले आणि स्टेजवर त्याचा आवाज गाण्याशी जुळेना. लोक खालून ओरडायचे, "गला बैठ गया क्या भिया?" तेव्हा तो ते गाणं कानात लावून तालीम करायला लागला. दिवसचे दिवस. मी त्याची नक्कल केली होती, आता तो माझ्या नकलेची नक्कल करत होता. चार महिन्यांत आवाज जुळला. मग तो चहाही त्याच आवाजात मागायला लागला. एकदा त्यानं दुसऱ्याच कुणाच्या नंबरवरून माझ्या घरी फोन केला, तर माझी बायको त्याच्याशी दोन मिनिटं दूध आणि कोथिंबिरीबद्दल बोलली. तिला वाटलं, मीच. तो हे सांगताना हसत होता. पण हसणंही माझंच होतं.

आणि एक दिवस तो सहज म्हणाला, "आईला ऐकायला कमी येतंय बहुतेक." सेल्फीवाली पोरं दारात यायला लागल्यापासून त्यांच्या घराला दिवसाही कडी असायची. काकू आतून 'कोण?' विचारत, मगच उघडत. "भिया, मी 'मी' म्हणतो, तर विचारते, 'मी कोण?' मला, यार! नाव सांगितल्याशिवाय उघडत नाही." त्याला काकूंचे कान तपासायचे होते. कान ठणठणीत होते, हे मला माहीत होतं. त्याचा आवाज मी घेऊन बसलो होतो, आणि आता त्या आवाजापाठोपाठ तोही घरातून चालला होता.

रविवारी सकाळी मी लॅपटॉप घेऊन बडा गणपतीजवळच्या त्याच्या घरी गेलो. काकूंनी 'कोण?' विचारलं, मी माझं नाव सांगितलं, त्यांनी उघडलं. क्षणभर माझ्याकडे, मग आत सोफ्यावर बसलेल्या मुलाकडे पाहिलं आणि काही न बोलता कडी लावून चहा टाकायला गेल्या. मी त्याला म्हटलं, तुला काहीतरी ऐकवायचंय, शिव्या नंतर घाल. त्याचा मूळ आवाज मी जपून ठेवला होता, ज्यातून मी तो बंद केला त्या फाइलमध्ये. पूर्ण गाणं, नुसता तो, खाली काही नाही.

लावायच्या आधी मी सगळं सांगून टाकलं. त्यानं ते हसण्यावारी नेलं. मग मी गाणं लावलं. "आई, दार उघड गं, मी आलो."

त्यानं भुवया आवळल्या. "हे कोण?"

"तू."

"हट् यार. हा तर कुणी कच्चा पोरगा आहे. माझी नक्कल करतोय. उडव, भिया." त्यानं हात पुढे केला, माझ्याच आवाजात म्हणाला, "उडव म्हणतो ना."

तेवढ्यात स्वयंपाकघरातून काकू ओरडल्या, "आले रे, आले!"

पदराला हात पुसत त्या बाहेर आल्या. आमच्या दोघांच्या मधून गेल्या, आमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. 'कोण?' विचारलं नाही. कडी काढली आणि दार सताड उघडलं. गल्लीत ऊन होतं, एक स्कूटर उभी होती. त्यांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं.

"आत्ता हाक मारली ना त्यानं?" त्यांनी मला विचारलं. "इतक्या दिवसांनी आला. कुठे गेला?"

तो तिथेच बसला होता, त्यांच्यापासून तीन हातांवर. मी त्याच्याकडे पाहिलं आणि मला स्वतःची इतकी भीती आजवर कधी वाटली नव्हती. तो पांढराफटक पडला होता. लॅपटॉपमधून त्याचा आवाज चालूच होता, मी घाईनं बंद केला. तो उठला, अनवाणी आईच्या शेजारून बाहेर गेला आणि बाहेरून दार ओढून घेतलं. काकूंनी सवयीनं कडी लावली.

"आई, दार उघड गं. मी आलो," बाहेरून आवाज आला. हुबेहूब मी.

काकूंचा हात हलला नाही. "कोण?"

"मी, आई."

"मी कोण?"

तो पुन्हा म्हणाला. घासून, मोडून, वेगवेगळ्या पट्टीत. प्रत्येक वेळी माझाच आवाज दारातून आत येत होता आणि मी आत खुर्चीत तोंड मिटून बसलो होतो. उठून दार उघडावं असं वाटत होतं, पण काकूंनी मला हातानं थांबवलं. कान दाराला लावला. बाहेर तो रडत होता बहुतेक. मग बोलणं थांबलं. 

मग दोनदा खोकला. एक लहान, एक मोठा.

काकूंनी कडी काढली.