गारांच्या वर्षीची मोटेची सोंड

अक्षर वाकडं आहे, ऱ्हस्व-दीर्घाचं तर विचारूच नका. चौथी जमात शिकले, तीही निजामाच्या राज्यात. निम्मं उर्दू, निम्मं मराठी, म्हणून दोन्ही कच्चंच राहिलं. तेवढं सांभाळून घ्या. बाकी काही सांभाळून घेऊ नका. हे मी नवऱ्याला सांगितलं नाही, लेकींना नाही. पोखर्णीला नरसिंहापुढे हात जोडले तेव्हा ओठापर्यंत आलं होतं — अन् मी दुसरंच काही मागून परत आले.

कुठून सुरू करू? उतारापासून करते. ते सोपं आहे.

आमच्या गावात मातीची जुनी गढी होती. तिची मागची बाजू ढासळून थेट ओढ्यापर्यंत लांब उतार झाला होता. माती पांढरी, पिठासारखी. संक्रांत सरली की वावटळी उठायच्या. रात्रभर वारं वाहिलं की सकाळी उतारावर नवा फुफाटा साचलेला असायचा, घोट्याएवढा, कुणाचं पाऊल न उमटलेला. त्या सकाळी पोरं हातातलं काम टाकून गढीवर पळायची. कुणी शिंदीच्या झावळीवर बसून घसरायचं, कुणी फुटक्या सुपात.

गंगू उभी राहून घसरायची.

ती किसन चांभाराची लेक. किसन म्हणजे गावाच्या वहाणा आणि मोटा शिवणारा. आम्ही पोरंसुद्धा त्या बापाच्या वयाच्या माणसाला नुसतं किसन म्हणायचो, याचीही आता लाज वाटते. गंगू पायाखाली कातड्याचा तुकडा घ्यायची, त्याच्या पुढच्या टोकाला दोरी बांधायची, अन् दोरी धरून, गुडघे वाकवून जी निघायची — मागे धुराळ्याचा लोट! वाऱ्यानं फुफाटा कुठल्या अंगाला टाकलाय, हे तिला वरून बघताच कळायचं.

अन् मी? मी एकदाही घसरले नाही. खाली ओढ्याशी उभी असायची.

"अगं ए, खांबावानी उभी राहून काय करायलीस तिथं?" ती वरून ओरडायची. "ये की वर! पडलीस तर मातीतच पडशील, तुझ्या आबाच्या इहिरीत न्हाई!"

मी नुसती मान हलवायची. आमच्या ओसरीवर तिला चढता येत नव्हतं, पाणीही तिच्या ओंजळीत वरून ओतत. उतारावरून खाली आली की मात्र ती माझा हात धरायची. ते मला आवडायचं. फार आवडायचं.

एका वर्षी तिचं कातडं फाटलं. अन् आमच्या कोठ्यात खुंटीला मोटेची नवी सोंड लटकत होती. सोंड म्हणजे मोटेच्या बुडाची लांब कातडी नळी, जिच्यातून पाणी पाटात पडतं. किसननंच शिवलेली, करंजीचं तेल पाजून मऊ केलेली. जुनी फाटली की लावायची, म्हणून आबांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, जपून ठेवली होती.

ती मी विळ्यानं उभी चिरली. परकरात गुंडाळून गंगूला नेऊन दिली.

का? इतकी वर्षं स्वतःला विचारतेय. सगळे तिच्याकडे ज्या नजरेनं बघत, तसं तिनं एकदा माझ्याकडे बघावं — एवढंच असेल.

तिनं कातडं हुंगलं. "हे तर आमच्या बाचं काम हाय. कुठनं आणलंस?"

"जुनी टाकून दिली व्हती," मी म्हणाले. चांभाराच्या लेकीला जुनं-नवं कळत नसेल का? पण ती लेकरूच होती. तिनं घेतलं.

फाल्गुनात गारा पडल्या. आवळ्याएवढ्या. ज्वारी आडवी झाली, कणसं चिखलात गेली, बाया बांधावर बसून रडत होत्या. अन् गंगूनं मला ओढत गढीमागे नेलं. अख्खा उतार पांढराशुभ्र. तसं मी पुन्हा कधी पाहिलं नाही. वर चढून ती त्या कातड्यावर उभी राहिली अन् आली — धुराळा नाही, आवाज नाही, नुसती सरसर आली, थेट ओढ्याच्या काठापर्यंत. खदखदून हसत होती. गाव रडत होतं अन् मीही हसले. हेही सांगून टाकते.

मग चैत्रात, विहिरीवर जगलेला कांदा तेवढाच राहिला असताना, मोटेची सोंड फाटली. आबा कोठ्यात गेले. खुंटी रिकामी.

किसनला अंगणात बोलावलं. "शिवून दिलीस अन् मागनं नेऊन पाथरीच्या बाजारात इकलीस व्हय रं?"

"मालक, म्या माझ्या हातानं खुंटीला अडकवली व्हती," किसन हात जोडून म्हणाला. "माझ्या कातडं कापायच्या रापीची आण."

आबा माझ्याकडे वळले. "तू हिंडतीस याच्या पोरीसंगं. तिच्याजवळ कातडं बघितलंस का?"

गंगू बापाच्या मागे उभी होती. माझ्याकडे बघत होती. घाबरून नव्हे — वाट बघत. मी सांगेन, असं तिला वाटत होतं.

मी म्हणाले, "हाय तिच्याजवळ."

खोटं होतं का हे? नव्हतं. म्हणून तर इतकी वर्षं मी त्याच्याआड लपू शकले.

कातडं त्यांच्या घरी सापडलं. किसननं तिला आमच्याच अंगणात मारलं. ती एक शब्द बोलली नाही. बोलली असती तरी कुणी ऐकलं असतं? पण माझं ऐकलं असतं. मला फार तर दोन थपडा बसल्या असत्या. घरच्या लेकीची चोरी, घरातच जिरली असती. हे मला तेव्हाही कळत होतं. समज नव्हती, असं म्हणणार नाही.

वर्षभराच्या कामाचं धान्य, बलुतं, किसनला खळ्यावर मिळायचं. त्या वर्षी गारांनी आधीच कुणाकडे फार उरलं नव्हतं. "चोराला बलुतं न्हाई," आबा म्हणाले, अन् लोकांना निमित्तच सापडलं. एकेका खळ्यानं नाही म्हटलं. किसन दिवस मावळेपर्यंत घोंगडी पसरून बसला. मग ती झटकून, घडी करून उठला. झटकायला तीत दाणासुद्धा नव्हता.

आठवड्यात त्यांनी गाव सोडलं. मी ओढ्यावर घागर भरत होते. पुढे किसन, त्याची बायको, अन् मागे डोक्यावर गाठोडं घेतलेली गंगू. माझ्याजवळ ती थांबली. हळूच म्हणाली, "म्या न्हाई सांगितलं कुणाला."

अन् पाण्यात पाय टाकून पलीकडे गेली.

मला तेव्हा रडू आलं नाही. मला हायसं वाटलं.