रुमालाखालचा हात

धुळ्याच्या गुरांच्या बाजारात सौदा लावण्याआधी आबा दलाल आपला लाल रुमाल दोनदा झटकायचे. मग तो हातावर टाकून म्हणायचे, "तोंड बंद ठेव भाऊ, हातले बोलू दे."

असा बाजार तुम्ही पाहिला असेल. दलाल रुमालाखाली घेणाऱ्याची बोटं दाबून भाव सांगतो, मग देणाऱ्याची. कोण काय बोलला, ते चारचौघांत कधीच कळत नाही. मी शेण उचलता उचलता व्यापारी झालो. भाव पटला नाही की रुमाल भिरकावून द्यायचो. आबा तो उचलायचे, झटकायचे आणि पुन्हा हात मागायचे.

आणीबाणीनंतरच्या निवडणुकीत बाजार उभा फाटला. माझा थोरला भाऊ वर्षभर तुरुंगात होता, आणि समोरच्या दावणीचा व्यापारी सत्तेवाल्यांचा झेंडा लावून बसला होता. मी आबांना बजावलं, "त्याचा हात धरलात तर माझा मिळणार नाही."

"मन्हा रुमाल बठ्ठासना शे, भाऊ."

"सगळ्यांचा? मग धुवा तरी. त्याची घाण लागलीय."

"घाम बठ्ठासना खारटच शे."

लोक हसले. मला ते झोंबलं. आमच्या बाजूच्या एकूणएक व्यापाऱ्याला मी आबांकडे जायचं बंद करायला लावलं. आबा माझ्या वहिनीची विचारपूस करून येतात, हे कळल्यावर समोरच्यानंही आपल्या लोकांना आबांकडे जाऊ दिलं नाही. दलाली हेच त्यांचं पोट. मतदानापर्यंतचे सगळे बाजार आबा मांडीवर रुमाल ठेवून लिंबाखाली बसून राहिले. मी तिकडे पाठ करून सौदे केले.

दिल्लीत आमचं सरकार आलं. पेढे घेऊन आबांच्या घरी गेलो, तर ते खाटेवर. अंगात काही उरलं नव्हतं. त्यांनी एक पेढा घेतला नि म्हणाले, "एक त्यालेबी दे."

दिला नाही. भाऊ तुरुंगात असताना यांनी त्या माणसाचा हात धरला, हे मी आजही विसरलेलो नाही.

ती आमची शेवटची भेट. निघताना राहवलं नाही. "आबा, आता तरी सांगा. मत कुणाला दिलंत?"

त्यांनी उशाखालून रुमाल काढला. थकल्या हातानं दोनदा झटकला आणि माझ्या हातावर टाकला. मी त्यांच्या बोटांची वाट पाहत राहिलो. त्यांनी माझं एकही बोट दाबलं नाही. हात मात्र बराच वेळ सोडला नाही.