पाठमोऱ्या कुंदाताई

कुंदाताईंचा चेहरा मी सुरुवातीचे काही आठवडेच पाहिला. पुढे चार वर्षं पाहिली ती त्यांची पाठ. पंचाहत्तरीच्या गौरवग्रंथात असं लिहिणं शोभत नाही, पण खरं तेच आहे.

माझी ईशा तेव्हा दीड वर्षाची होती. सेरेब्रल पाल्सीमुळे तिचा उजवा पाय ताठ असायचा, बसताही येत नव्हतं. धायरीहून दोन बस बदलून ताईंच्या बिबवेवाडीच्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यात पोचेपर्यंत ती रडून अगदी लाकूड व्हायची. ताईंनी ते पाहिलं आणि यापुढे दर मंगळवारी अकराला लॅपटॉपवर व्यायाम घेऊ म्हणाल्या. नवरा कंपनीच्या कामाने परदेशी होता. घरात लॅपटॉप होता, माणूस नव्हतं. पहिल्याच मंगळवारी मला रडू कोसळलं. ताई म्हणाल्या, "रडून घ्या. मग हात धुऊन बसा."

ताई कापडी बाहुलीवर व्यायाम दाखवायच्या, मी तो आठवडाभर ईशाला द्यायचे. तीन आठवड्यांनी त्यांच्या लक्षात आलं, की आरशात पाहावं तसं त्यांच्याकडे बघून मी रोज तिचा डावा पाय ताणते आहे. ताई शांतपणे म्हणाल्या, "चूक माझी. मी तुमच्या बाजूने बसायला हवं होतं."

तेव्हापासून त्या कॅमेऱ्याकडे पाठ करून बसू लागल्या. त्यांचा उजवा तो माझा उजवा. ईशाला बघायला तेवढी मान वळवायच्या.

त्यांच्या खांद्यावरून मला त्यांचं घर दिसे. एक खुर्ची, टेबलावर एकच कप. यजमान गेलेले, मूलबाळ नाही. व्यायामानंतर आम्ही आपापल्या घरी चहा प्यायचो, फारसं न बोलता. एकदा मी लॅपटॉप मिटायला गेले तेव्हा त्या म्हणाल्या, "इतक्यात बंद करू नका. तुमच्याकडे खाली मुलं खेळतात, त्यांचा आवाज येतो." माझं एकटेपण त्यांनी चार वर्षं निभावलं, त्यांचं मी कधी विचारलंही नाही. याची मला लाज वाटते.

ईशा बसू लागली, मग भिंत धरून चालू लागली. "आता शाळा," म्हणून ताईंनी आमचे मंगळवार थांबवले. मंगळवारी अकरा वाजले की अजून मला काही सुचत नाही.

ताई, आपल्याला उदंड, निरोगी आयुष्य लाभो. येत्या मंगळवारी ईशा दोन बस बदलून आपल्याकडे येते आहे, स्वतःच्या पायांनी. कप तीन काढा, आणि दाराकडे तोंड करून बसा.