तेहेतीस वेळा दोन

“हात वर करा,” प्राजक्ता म्हणाली आणि सुनंदाताईंनी डावा हात वर केला.

“तो नव्हे ताई. ऑपरेशनच्या बाजूचा.”

उजवा हात पदराखाली छातीला चिकटून होता. त्यांनी तो उचलायचा प्रयत्न केला. खांद्याच्या उंचीपर्यंतही आला नाही. चेहरा पांढरा पडला, ओठ आत ओढले गेले, पण तोंडातून आवाज नाही. प्राजक्ता आमची फिजिओथेरपिस्ट. तिनं कोनमापकासारखं तिचं साधन खांद्याला लावलं आणि माझ्याकडे बघून म्हणाली, “साठ अंश.”

माझ्या हातात याच बाईंची डायरी होती. तिच्यात लिहिलं होतं : दुखणं, दोन. सकाळी दोन, दुपारी दोन, संध्याकाळी दोन. पाच मिनिटांपूर्वी मी तिच्यावर ‘कम्प्लीट’ लिहून सही केली होती.

मी बारामतीतल्या एका हॉस्पिटलमध्ये क्लिनिकल रिसर्च कोऑर्डिनेटर आहे. म्हणजे संशोधन डॉक्टर करतात आणि त्याचे कागद मी सांभाळते. संमतीपत्रं, तारखा, फोन, गोळ्यांची मोजणी. कोणता पेशंट कोणत्या दिवशी यायचा याच्या याद्या माझ्याकडे असतात. याद्या मला आवडतात. घरचा किराणासुद्धा मी दुकानातल्या फळ्यांच्या क्रमानं लिहिते.

आमचा हा स्टडी स्तनाच्या कॅन्सरच्या ऑपरेशननंतर होणाऱ्या दुखण्याचा होता. निम्म्या पेशंटना ऑपरेशनच्या वेळी छातीच्या नसांजवळ बधिर करणारं एक इंजेक्शन द्यायचं. त्याला ब्लॉक म्हणतात. निम्म्यांना फक्त नेहमीची औषधं. कुणाला काय मिळालं हे कॉम्प्युटर ठरवतो; ते पेशंटलाही कळत नाही आणि मलाही नाही. मग चौदा दिवस पेशंटनं दिवसातून तीनदा आपलं दुखणं शून्य ते दहा या आकड्यांत लिहायचं. शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे सहन होण्यापलीकडे. रोजच्या गोळ्या सगळ्यांनाच चालू असतात. दुखणं चारच्या वर गेलं तर एक जादा गोळी घ्यायची, तिला आम्ही रेस्क्यू म्हणतो. उरलेल्या गोळ्या परत आणायच्या.

सुनंदाताई अंथुर्ण्याच्या. (नाव बदललं आहे.) वय पंचेचाळीसच्या आसपास, सातवीपर्यंत शिकलेल्या. केमो ऑपरेशनआधीच झाली होती, डोक्यावर आता कुठे केस येऊ लागले होते. त्यांचे यजमान सोपानराव गावातल्या दूध संकलन केंद्राचे सचिव. उजव्या बाजूचं ऑपरेशन, त्यामुळे ताईंना लिहिता येणार नव्हतं. त्यांनी सांगायचं आणि सोपानरावांनी लिहायचं, असं ठरलं. आमच्या नियमांत ते बसतं.

आणि डायरी काय सुंदर होती! खाडाखोड नाही, आकडे रकान्याच्या बरोबर मध्ये. पहिले तीन दिवस ताई हॉस्पिटलमध्ये होत्या, तेव्हाचे आकडे नर्सनं विचारून लिहिलेले : एक, तीन, दोन, असे. पुढचे अकरा दिवस घरचे. रोज तीन, म्हणजे तेहेतीस रकाने. तेहेतीसच्या तेहेतीस दोन. रेस्क्यूच्या गोळ्यांची पट्टी जशी दिली तशी परत आली होती. दुखणं दोन, म्हणून गोळी नाही. सगळं एकमेकांशी जुळत होतं. इतकं जुळलेलं मला खटकायला हवं होतं. मला बरं वाटलं.

सोपानरावांना बाहेर बसायला सांगून मी पडदा ओढला.

“ताई, घरी किती दुखत होतं?”

“कापलंय म्हणल्यावर दुखणारच की, म्याडम.”

“पण किती? शून्य ते दहात?”

त्यांनी प्राजक्ताकडे पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, “आकड्यातलं मला कळत न्हाय. पाठ टेकवत नव्हती. अकरा दिस उशीला टेकून बसल्या बसल्याच झोपले.”

“मग गोळी का नाही घेतली? लाल पट्टीतली?”

“मागितली की एकदा. हे म्हनले, दोनला न्हाय देत, चारच्या वर पायजे.”

प्राजक्ताच्या हातातलं साधन तसंच राहिलं. मी विचारलं, “पुन्हा नाही मागितली?”

“दवाखान्याचा नियम हाय म्हनले. आन् रोज तीनदा लिवत व्हते. मला वाटलं, तुमाला हितं समजत आसंल.”

प्राजक्तानं मला बाजूला घेतलं. “मॅडम, डायरीचं तुम्ही बघा. मला रेडिएशनची काळजी आहे.”

तिचं बरोबर होतं. ऑपरेशननंतर ताईंना रेडिएशन घ्यायचं होतं. छातीवर किरण द्यायचे तर त्या बाजूचा हात डोक्याच्या वर घेऊन निश्चल पडून राहावं लागतं. हात खाली असला तर तो किरणांच्या वाटेत येतो. दुखतं म्हणून हात हलवला नाही की काख आणि खांदा आखडतात आणि मग हात वर जातच नाही. रेडिएशन सेंटरची तारीख अडीच आठवड्यांवर होती. काखेतल्या गाठीसुद्धा निघालेल्या होत्या. रेडिएशन लांबवणं म्हणजे मागे राहिलेल्या एखाद्या पेशीला वेळ देणं.

“अडीच आठवड्यांत होईल?” मी विचारलं.

“साठवरून? दुखणं आटोक्यात आलं तर बघू.”

बाहेर बाकावर सोपानराव पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. मी शेजारी बसले.

“सोपानराव, हे आकडे ताईंना विचारून लिहिले का?”

ते सरळ म्हणाले, “पयल्या दिशी विचारलं. म्हनली, हाय आपलं, चाललंय. आता ‘चाललंय’ हे लिवायचं कुठं? घरात भेटायला आलेली माणसं. भावकी, तिच्या बहिनी, समदी. त्यात छातीचं दुखणं म्या कसं विचारायचं? मंग हितल्या तीन दिसांची सरासरी काढली. दोन आली. तीच लावली.”

“सरासरी?”

“डेरीवर तसंच करत्यात. फॅटचं मशीन बंद पडलं तर त्या शेतकऱ्याची मागची सरासरी लावायची. रकाना मोकळा सोडायचा न्हाय. मोकळा दिसला की वरनं इचारणा व्हती.” मग माझ्याकडे बघून म्हणाले, “तुमीच बोलला व्हता न्हवं, एक बी रकाना मोकळा ठेवू नका म्हनून?”

बोलले होते. डिस्चार्जच्या दिवशी, डायरी देताना, बोट ठेवून. प्रत्येक पेशंटला बोलते. मोकळा रकाना म्हणजे कंपनीकडून क्वेरी, म्हणजे लेखी प्रश्न; त्याचं उत्तर, त्यावर तारीख, सही. मला तो त्रास नको होता. सातव्या दिवशी नियमाप्रमाणे फोनही केला होता. सोपानरावांनी उचलला, आकडे वाचून दाखवले, मी यादीत टिक केली. ताईंना फोन द्या, हे मला सुचलं नाही.

“तिला लई दुखत व्हतं का वं?” त्यांनी विचारलं.

“हो.”

त्यांनी पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला. “गोळी मागितली व्हती तिनं. म्या नियम दावला.” मग म्हणाले, “लबाडी न्हाय केली म्याडम मी.”

“ठाऊक आहे. नियम मी सांगितला होता.”

सर्जननी लगेच ताईंना तपासलं. जखम स्वच्छ होती, पू नव्हता. वेदनांची औषधं बदलून दिली आणि व्यायामाच्या अर्धा तास आधी गोळी घ्यायचीच, असं ठणकावलं. आकडा काहीही असो. प्राजक्तानं आठवड्यातून तीन दिवसांची वेळ दिली.

हे सर्जनच स्टडीचे प्रमुख. ओपीडी संपल्यावर मी डायरी घेऊन त्यांच्या केबिनमध्ये गेले.

“डायरी पूर्ण आहे, गोळ्या जुळतायत,” सर म्हणाले. “कागदावर तरी यात काही दोष नाही.”

“नाही सर. म्हणूनच आले. चौथ्या दिवसापासूनचा एकही आकडा पेशंटचा नाही.”

“मग हा पेशंट दुखण्याच्या हिशेबातून जाणार.”

“जाऊ दे.”

“पुढच्या आठवड्यात कंपनीचा मॉनिटर येतोय.” मॉनिटर म्हणजे आमचे कागद तपासायला येणारा माणूस. “तो विचारेल, बाकीच्या डायऱ्यांचं काय?”

“त्या मी सगळ्या उघडणार आहे. प्रत्येक पेशंटशी स्वतः बोलणार आहे. नवऱ्याशी नाही, मुलाशी नाही.”

सरांनी चष्मा काढला. “किती लोकांनी असं केलं असेल असं वाटतं?”

“मला माहीत नाही. ब्लॉकचा उपयोग होतो की नाही, हे आपण या आकड्यांवरून ठरवणार आहोत. आपल्याला उत्तर मिळेल ते बायकांचं नसेल सर, घरातल्या पुरुषांचं असेल.”

“लिही,” ते म्हणाले.

ठरल्या पद्धतीबाहेर काही घडलं की त्याचा लेखी अहवाल एथिक्स कमिटीकडे द्यावा लागतो. पेशंटवर अन्याय होत नाही ना, हे बघणारी ती समिती. फॉर्ममध्ये ‘कारण’ असा एक रकाना असतो. मी लिहिलं : रकाने रिकामे ठेवू नयेत अशी सूचना कोऑर्डिनेटरनं नातेवाइकांना दिली होती, पेशंटशी थेट संपर्क केला नव्हता, त्यामुळे पेशंटला आवश्यक औषध मिळालं नाही.

सरांनी वाचलं. “नाव घातलं नाहीस.”

“पद घातलंय सर. या पदावर मी एकटीच आहे.”

ते हसले नाहीत. सही केली.

पुढचे चार दिवस मी फोन केले. आणखी दोन डायऱ्या तशाच निघाल्या. एक सुप्याच्या बाईंची. मुलानं घरच्या सगळ्या दिवसांचे आकडे एका बैठकीत भरले होते, येण्याच्या आदल्या दिवशी. दुसरीत सासूबाईंनी सांगितलेले आकडे होते. पेशंट म्हणजे सून, ती स्वतः एकदाही बोलली नव्हती. तिन्ही डायऱ्या दुखण्याच्या हिशेबातून बाद झाल्या. कमिटीनं आम्हाला कडक पत्र दिलं, ते फाईलला आहे. सूचनापत्रक बदललं.

सुनंदाताई अंथुर्ण्याहून एसटीनं यायच्या. सोपानराव बरोबर असायचे. संध्याकाळचं दूध घेणं त्यांनी तेवढ्यापुरतं चुलतभावावर सोपवलं होतं. प्राजक्ता भिंतीवर पेन्सिलनं खूण करायची आणि ताई बोटांनी भिंत चढायच्या. पहिल्या दिवशी त्या ओरडल्या, तेव्हा सोपानराव उठून दाराशी आले.

“बसा तुमी,” ताई आतून म्हणाल्या. “आता ओरडू द्या मला.”

ते बसले.

अडीच आठवड्यांनी खांदा पंच्याण्णववर आला होता. रेडिएशन सेंटरनं परत पाठवलं. एवढ्यानं भागत नाही, म्हणाले. नवी तारीख मिळायला आणि हात पुरेसा वर जायला आणखी सतरा दिवस गेले. मग मात्र पूर्ण कोर्स झाला, एकही दिवस न चुकता.

त्या सतरा दिवसांनी काय फरक पडला, हे मी सरांना विचारलं होतं. ते म्हणाले, “कदाचित काहीच नाही. पण तसं लिहून देऊ शकत नाही.” ताई दर तीन महिन्यांनी तपासणीला येतात. आजवरचे रिपोर्ट ठीक आहेत. उजव्या हाताला थोडी सूज असते. तपासणीची पावती त्या उजव्याच हातानं पुढे करतात.

सातव्या दिवसाचा फोन आता मी पेशंटच्या हाती जाईपर्यंत धरून ठेवते. कधी बाई गोठ्यात असते, कधी शेजारी. दहा मिनिटं जातात. आकडा मी नंतर विचारते. आधी विचारते, रात्री आडवं पडून झोपलात का, आणि आज फळीवरचा डबा कुणी काढला. “सुनेनं” असं उत्तर आलं, की आकडा काहीही असो, त्याच दिवशी प्राजक्ताकडे नाव जातं. आकडा कुणी सांगितला हे लिहायला नव्या डायरीत वेगळी जागा आहे आणि न विचारलेला रकाना मोकळा सोडायचा, हे पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत छापलं आहे. क्वेरी दुपटीनं वाढल्या आहेत. उत्तरं लिहायला मंगळवार आणि शुक्रवार ठेवले आहेत.