एकाच स्टिकरचे दोन लॅपटॉप

नोव्हेंबर १९९८, शनिवार दुपार, जळगावचं आमचं दुकान. हजर: मी, माझे धाकटे दीर, आणि बाहेरच्या बाकावर चाळीसगावच्या कॉलेजात मराठी शिकवणाऱ्या मॅडम.

मॅडमचा लॅपटॉप सुरूच होत नव्हता, आतली डिस्क मात्र फिरताना ऐकू येत होती. चार वर्षं त्या गावोगाव म्हाताऱ्या बायकांजवळ बसून अहिराणी शब्द आणि लग्नातली गाणी थेट त्यात उतरवत होत्या. कागद नाही, फ्लॉपीवर नक्कल नाही.

"दोन अक्का तर आता गेल्या," त्या म्हणाल्या. "त्यांचं सगळं यातच आहे."

आमचा धंदा असेंबल केलेल्या कॉम्प्युटरचा. कॅबिनेट एकाचं, मदरबोर्ड दुसऱ्याचा, डिस्क तिसऱ्याची. मापं सगळ्या कंपन्यांनी मानलेली, त्यामुळे काहीही कशातही बसायचं. शेवटी प्रोसेसरच्या कंपनीचं चमकदार स्टिकर पुढे लावायचं. गिऱ्हाईक आधी तेच बघायचं. ती स्टिकरं आम्ही स्वतः चिकटवायचो, तरी हळूहळू आमचाही त्यांच्यावर विश्वास बसला होता.

धुळ्याच्या एका वकिलांनी विकायला ठेवलेला लॅपटॉप दुकानात होता. कंपनी वेगळी, पण स्टिकर तेच. मी यादी केली: मॅडमची डिस्क काढणे, वकिलांच्या मशीनमध्ये बसवणे, सगळं फ्लॉप्यांवर घेणे. तासाभराचं काम.

"वहिनी, दोन्हीवर एकच स्टिकर शे," दीर म्हणाले. "बठ्ठं लागी जाई." सगळं बसून जाईल म्हणे.

"तुमचं लग्नही फोटो बघूनच ठरलं होतं, भाऊजी. जरा बघून लावा."

ते हसले. मीही हसले, आणि थांबवलं नाही.

आत प्रत्येक कंपनीने आपापलं केलं होतं. मॅडमच्या डिस्कला त्यांच्या लॅपटॉपच्या कंपनीची जोडणीची खास पट्टी होती, ती वकिलांच्या मशीनला चालेना. दिरांनी ती उपसून काढली आणि उघड्या पिना दाबून बसवल्या. एक ओळ सरकून बसली होती. बटण मी दाबलं. जळका वास आला. पुन्हा नीट लावून पाहिलं, पण डिस्क फिरलीच नाही.

बाहेर येऊन मी म्हणाले, "मॅडम, डिस्क आधीच गेलेली होती."

दीर कापडाने हात पुसत राहिले.

"माझंच चुकलं असेल," त्या म्हणाल्या. "एसटीत मांडीवर घेऊन फिरायचे. धक्के बसले असतील."

"असं होतं कधी कधी," मी म्हणाले.

नंतर मुंबईला दोन ठिकाणी डिस्क पाठवली. दोन्हीकडून तशीच परत आली. मॅडमनी पुन्हा गावं फिरायला सुरुवात केली, वहीपेन्सिल घेऊन. भेटल्या की अजून त्या एसटीच्या धक्क्यांनाच दोष देतात, स्वतःला देतात.

त्यांचा पत्ता माझ्या वहीत आहे. डिस्क चांगली होती, ती आमच्या हातून जळाली, एवढं त्यांना लिहायचं आहे. ते काम दर महिन्याच्या यादीत मी पुढे ढकलते.