समुद्रकाठची येळवस

प्रवासाला निघताना माणसाने स्वतःला उचलता येईल तेवढेच सामान घ्यावे, असे मी वर्गात अनेकदा सांगितले आहे. त्यामुळे लातूरहून आमची भाड्याची गाडी निघाली तेव्हा तिच्यात काय काय होते, हे लिहिताना मला थोडा संकोच वाटतो. छोटा गॅस सिलिंडर आणि त्यावर बसणारी शेगडी, ज्वारीचे आणि बाजरीचे पीठ, काठवट (भाकरी थापण्याची लाकडी परात), तवा, मोठाली पातेली, शेंगदाण्याच्या चटणीचा डबा आणि माझ्या थोरल्या बहिणीच्या मांडीवर घोंगडीत गुंडाळलेला आंबिलाचा माठ. एवढा संसार घेऊन आम्ही समुद्रकिनारी विश्रांतीसाठी निघालो होतो.

हा समुद्र कोणता असावा, यावर दिवाळीपासून चर्चा चालू होती. नांदेडला भाचीच्या डोहाळजेवणासाठी सगळे जमलो असताना माझा धाकटा भाऊ बालाजी याने विषय काढला. बालाजीचे औशाला खते-बियाण्यांचे दुकान आहे. त्याचा साडू नुकताच दुबई पाहून आला होता. म्हणून बालाजीला थायलंडचा समुद्र हवा होता.

“दादा, साडू तिकडून आल्यापासून खोकतो बी इंग्रजीत,” तो म्हणाला. “आपूनच कामून मागं राहायचं?” (कामून म्हणजे का.)

थोरली बहीण अक्का हिमायतनगरला दिलेली आहे. तिचा कौल कोकणाला होता. “आपला समुद्र सोडून लोकाच्या समुद्रात कामून पाय बुडवायचे? तिथं आंघूळ करून पुण्य तरी लागतंय का?”

निर्णय शास्त्रशुद्ध व्हावा, म्हणून मी दोन्ही किनाऱ्यांची अंतर, हवामान आणि किनाऱ्याचा उतार या क्रमाने तुलना करून सांगितली. मी भूगोल शिकवतो. समुद्र मी तोपर्यंत पाहिलेला नव्हता. परंतु फळ्यावर त्याची आकृती इतक्या वेळा काढली होती की, प्रत्यक्ष पाहण्याची निकड कधी वाटली नाही.

माझी पत्नी सुमन तेव्हा पंगतीत वाढत होती. भात वाढता वाढता ती म्हणाली, “कुठला बी चालंल. मला फक्त पाण्याकडं बघत बसायचंय. हातात काही काम नको.”

लग्नानंतर सुमनने केलेला प्रत्येक प्रवास कुणाच्या लग्नासाठी, कुणाच्या मयतीसाठी, नाही तर देवासाठी होता. आणि तिन्ही ठिकाणी ती चुलीपाशीच होती. तिचे बोलणे सर्वांनी ऐकले, आणि तिने कोणत्याच बाजूला मत दिलेले नाही, असा निष्कर्ष काढून चर्चा पुढे सुरू झाली.

दुसऱ्या दिवशी बालाजी आम्हाला नांदेडच्या एका ट्रॅव्हल्सवाल्याकडे घेऊन गेला. त्या गृहस्थांनी आमच्यापुढे निळ्याशार पाण्याची चित्रे पसरली आणि खुर्ची पुढे ओढली.

“सर, सोबत आपलाच आचारी असतो. सकाळी पोहे, दुपारी पिठलं-भाकरी, रात्री वरण-भात. बोलायला सगळी आपलीच माणसं. परदेशात गेल्यासारखं तुम्हाला जरासुद्धा वाटणार नाही, ही माझी ग्यारंटी.”

सुमनने एवढेच विचारले, “आचारी तुमचा असतो का?”

“शंभर टक्के आमचा, ताई.”

त्या दिवशी प्रथमच सुमन थायलंडच्या बाजूला झुकली. पण अक्काने तिचा खास प्रश्न टाकला. “येळवस कुठं करायची?”

वाचकांपैकी जे आमच्या भागातले नाहीत, त्यांच्यासाठी थोडे स्पष्टीकरण देतो. येळवस म्हणजे वेळअमावस्या. मार्गशीर्षातल्या या अमावास्येला लातूर-औशाकडची शहरे ओस पडतात आणि सगळी माणसे शेतात जेवायला जातात. कडब्याची कोप (खोपटी) करून तिच्यात पाच दगड पांडव म्हणून पुजतात. मग आंबिल (ज्वारीच्या पिठाचे ताकातले आंबट पेय), बाजरीचे उंडे (उकडलेले गोळे), आणि हरभरा, तूर, वाटाणा, घेवडा असे शिवारात असेल ते एकत्र शिजवून केलेली भज्जी. (हिचा तळलेल्या भजीशी काही संबंध नाही.) त्या वर्षी ही अमावास्या नेमकी नाताळच्या सुटीत येत होती, आणि सर्वांना मोकळा वेळ तेवढाच होता.

“शेतात बटईदार करंल,” बालाजी म्हणाला. (बटईदार म्हणजे वाट्याने शेत कसणारा.)

“बटईदार त्याची करंल. माझी कोण करंल? मी माहेरची येळवस आजवर चुकवली न्हाई. विमानात शेगडी नेऊ देत्यात का, एवढं इचार त्यांना.”

विचारले. नेऊ देत नाहीत. अशा रीतीने आमच्या कुटुंबाने स्वदेशाची निवड केली. सुमनने चित्रांची घडी घालून ती ट्रॅव्हल्सवाल्याला परत दिली.

औशाला बालाजी, त्याची बायको आणि मुले गाडीत चढली आणि आम्ही सोलापूरचा रस्ता धरला. वाटेत हॉटेले पुष्कळ होती. त्यांच्या आवारात आम्ही गाडी लावली, त्यांच्या सावलीत सतरंजी अंथरली, त्यांच्याकडून फक्त पाणी मागितले आणि स्वतःची धपाटी (ज्वारीच्या पिठात तिखट-मीठ घालून थापलेली पोळी) खाल्ली. ती धपाटी सुमनने पहाटे उठून केली होती. एका हॉटेलमालकाने विचारले, “पाव्हणं, चहा तरी घेणार का?” अक्का म्हणाली, “दूध हाय आमच्याजवळ. पातेलं ठिवायला जागा द्या.”

कोल्हापूर ओलांडून आंबा घाट उतरू लागलो, तेव्हा विमानाने समुद्र ओलांडू पाहणारा बालाजी दुसऱ्याच वळणाला पिशवी मागू लागला. सह्याद्रीची पश्चिम बाजू एकदम तुटलेली का आहे, हे मी मुलांना सांगत होतो. बालाजी डोळे मिटून म्हणाला, “दादा, डोंगर कसा का तुटंना, तू गप बस.”

रत्नागिरीजवळच्या एका लहान गावात आम्ही खोल्या घेतल्या होत्या. मातीचा रंग बदलला, दगड तांबडा झाला, आणि एका वळणावर झाडांच्या मधून समुद्र दिसला. मग बालाजी हळूच म्हणाला, “दादा, पलीकडचा काठच दिसंना की!” आम्ही गोदावरी, मांजरा आणि धरणे पाहिलेली माणसे, पाण्याला दुसरा काठ असतोच, ही आमची समजूत. अक्काने हात जोडून खिडकीतून नाणे फेकले. ते रस्त्यावर पडले.

सुमनने काच खाली केली आणि मान बाहेर काढली. गाडी थांबताच ती सर्वांत आधी उतरली आणि वाळूकडे निघाली.

“सुमन,” अक्काने हाक मारली, “समुद्र काय पळून जात न्हाई. आधी चहाचं बघ.”

घराच्या मालकीणबाईंना सगळे गाव काकू म्हणे. त्यांनी दारातच सांगितले, “जेवण आमच्याकडेच आहे हो. वहिनींना कशाला त्रास?”

“मासे ह्याच चुलीवर शिजवता का?” अक्काने विचारले.

“मासे मागच्या पडवीत. शाकाहाराची भांडीसुद्धा वेगळी आहेत.”

“वारा तर एकच हाय की,” अक्का म्हणाली. काकूंनी आम्हाला मागचे अंगण दाखवले. संध्याकाळी सूर्य पाण्यात उतरत असताना सुमन मागच्या अंगणात शेगडीपाशी भाकरी थापत होती. बालाजीची बायको मुलांना सांभाळत होती, अक्का देखरेख करत होती आणि मी मार्गदर्शन. आम्ही बाकीच्यांनी सूर्यास्त पाहिला आणि तिला तो कसा होता ते सविस्तर सांगितले.

दुसरा दिवस येळवशीचा. सकाळीच आम्ही सामान घेऊन किनाऱ्यावर गेलो. वरच्या बाजूला सुरूची झाडे होती. तिथे अक्काने नारळाच्या झावळ्यांची कोप उभी केली. कडबा नाही म्हणून ती जरा नाराज होती आणि तांबडे पांडव तिच्या मनास येईनात. म्हणून तिने पाच जांभे दगड चुन्याने पांढरे करून घेतले. शेगडीसाठी जागा निवडण्याचे काम माझ्याकडे आले. सुरूखालची वाळू भुसभुशीत होती, शेगडी कलत होती आणि भज्जीत वाळू उडण्याचा संभव होता. खाली मात्र उत्तम जागा सापडली : घट्ट, सपाट, ओलसर, जणू कुणी नुकतीच सारवून ठेवलेली. ती तशी का असावी, हा प्रश्न मी स्वतःला विचारला नाही.

शेगडी पेटली. सुमन भज्जी ढवळू लागली. मुलांची सहल बोधप्रद व्हावी, म्हणून मी काठीने त्याच वाळूवर सूर्य, चंद्र आणि पृथ्वी काढली. “अमावास्येला हे तिघे एका रेषेत येतात,” मी सांगितले. “सूर्य आणि चंद्र यांची ओढ एकत्र होते. म्हणून आजची भरती नेहमीपेक्षा मोठी. हिला उधाणाची भरती म्हणतात. कोणती?”

“उधाणाची!” मुले ओरडली.

“शाबास.” आणि मी सर्वांना घेऊन पूजेसाठी वर गेलो.

काकू त्यांच्या माडीवरून दोन्ही हात हलवत होत्या. आम्हीही हात हलवले. कोकणी माणूस अबोल असतो, असा माझा समज होता. तो दूर झाल्याचे मी बालाजीला म्हटले.

पूजा रंगात आली. अक्का पाणी शिंपडत कोपीभोवती फिरत होती, आम्ही तिच्या मागे. आमची तोंडे पांडवांकडे, पाठी समुद्राकडे. खाली भज्जी रटरटत होती, शेजारी काठवटीत उंडे मांडलेले, घोंगडीवर आंबिलाचा माठ, आणि या सगळ्याची राखण करायला सुमन.

एकाएकी ‘फुस्स’ असा मोठा आवाज झाला.

वळून पाहिले, तर शेगडीच्या जागी पाणी होते. पातेले कलंडले होते, भज्जी पसरत चालली होती, काठवट उंड्यांसकट तरंगत होती आणि आंबिलाचा माठ डुलत डुलत पश्चिमेकडे निघाला होता. सुमन गुडघाभर पाण्यात उभी होती. साडी भिजली होती. तिची पाठ आमच्याकडे होती.

“माजं आंबिल!” अक्काने हंबरडा फोडला. बालाजी धोतरासारखी लुंगी खोचून धावला आणि सिलिंडरला मिठी मारून त्याने तो वाचवला. माठ दुसऱ्या लाटेत दिसेनासा झाला.

“सुमन! तुजं ध्यान कुठं होतं?” अक्काने विचारले.

“समुद्राकडं,” सुमन म्हणाली.

अक्का माझ्याकडे वळली. “आन् तू रं? भूगोल शिकवतूस ना लेकरास्नी? त्यांच्या बापांनी फी मागारी मागाया पायजे.”

धाकटा पुतण्या माझी बाजू घेऊन म्हणाला, “अक्का, काका म्हणाले होते की आज मोठी येणार!” त्याने माझी अधिक हानी केली.

त्या दिवशी आम्ही काकूंच्या ओसरीवर जेवलो. वरण, भात, डाळिंबी उसळ, सोलकढी. “मी एवढे हात केले,” काकू वाढताना म्हणाल्या, “तर तुम्ही मलाच टाटा!” अक्का प्रथम नुसता भात खात होती. मग तिने उसळ मागितली, मग पुन्हा मागितली, आणि शेवटी जाहीर केले की, येळवशीला समुद्रानेच नैवेद्य घेतला असेल तर आपण कोण बोलणार?

शेगडीत खारी वाळू गेली होती. बालाजी ती दुरुस्तीला रत्नागिरीला नेतो म्हणाला. सुमनने ती गोणपाटात बांधून गाडीच्या तळाशी ठेवली. “आधी सुकू द्या नीट. ओली उघडली तर बिघडती,” ती म्हणाली. पुढचे दिवस ती वाळतच राहिली.

त्या दिवसांत सुमन सकाळी सुरूखाली जाऊन बसे. फोटो काढत नसे, शंखशिंपले वेचत नसे. एकदा मी शेजारी बसून लाटांची निर्मिती समजावून सांगू लागलो. ती म्हणाली, “अहो, थोडं गप बसता का?” मी बसलो. फळ्यावरच्या आकृतीत आवाज नसतो, हे माझ्या ध्यानात आले.

परतीच्या वाटेवर सांगोल्याजवळ आम्ही एका हॉटेलात शिरलो आणि चक्क त्यांचाच चहा मागवला. बाकीचे हात धुवायला गेले असताना मी सुमनला विचारले, “पाणी येताना तुला दिसलं नाही?”

“दिसलं की.”

“मग पातेलं उचलायचं.”

“तुम्ही शिकवण्या घेता त्या खोलीला लागूनच माझं स्वयंपाकघर हाय,” ती म्हणाली. “अमावास्येचं उधाण मला तोंडपाठ हाय. तुम्ही शेगडीची जागा दावली, तवाच कळलं हे कुठं जाणार ते.”

“तेव्हाच सांगायचं होतंस!”

तिने बशीत चहा ओतला. “सांगितलं असतं तर शेगडी वर नेली असती तुम्ही.”

शाळा उघडल्यावर सहकारी विचारू लागले, की कुटुंबासह जायचे तर आपला समुद्र बरा की परदेशातला? दोन्हींची मी अजूनही नीट तुलना करू शकतो; पण अलीकडे मी उलट विचारतो, की घरातल्या बाईंना विचारलेत का, आणि त्यांनी उत्तर दिले तेव्हा तुम्ही जेवत होता का? सहकाऱ्यांना हा विनोद वाटतो.

सकाळचा चहा आता मी करतो. साखरेचे प्रमाण अद्याप जमलेले नाही. सुमन तो घेऊन पायरीवर बसते. समोर आमच्या वसाहतीतली पाण्याची टाकी आहे, तीही बहुतेक दिवस कोरडी. ती तिकडे बघत चहा संपवते, आणि तो कसा झाला आहे हे मी अजून विचारलेले नाही.